आश्रय आणि वेस : नाशिकच्या संदर्भात बेघर निवाऱ्याच्या शेजारप्रश्नाची ऐतिहासिक मीमांसा

प्रस्तावना

नाशिक महानगरपालिकेचे मुख्यालय असलेले राजीव गांधी भवन शरणपूर रोडवर उभे आहे. शहरातील बेघरांसाठी निवारा केंद्रे उभारण्याची व चालविण्याची जबाबदारी याच संस्थेकडे येते. ज्या वस्तीवरून या रस्त्याला नाव मिळाले ती मुळात निराश्रितांसाठी वसविलेली वस्ती होती. शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते नाशिकच्या वेशीबाहेर वसले. पुढे शहर वाढत गेले आणि आज शरणपूर हे शहराच्या मध्यवर्ती, महागड्या भागांपैकी एक मानले जाते. नाव राहिले, त्यामागचा अर्थ मात्र लोकस्मृतीतून जवळजवळ पुसला गेला.

एखाद्या वसाहतीजवळ बेघरांसाठी निवारा केंद्र होणार अशी वार्ता आली की तेथील रहिवाशांच्या मनात शंका उत्पन्न होतात. अस्वच्छता वाढेल, चोऱ्या होतील, लहान मुलांना व स्त्रियांना रस्त्यावरून जाणे अवघड होईल, व्यसनी माणसे जमतील, घरांच्या किमती उतरतील, अशी या शंकांची सर्वसाधारण यादी असते. बहुधा त्यांचा शेवट एका वाक्यात होतो : निवारा अवश्य व्हावा, पण येथे नको. ही भूमिका आधुनिक नागरी जीवनाची उपज आहे असा समज प्रचलित आहे. प्रस्तुत लेखात या भूमिकेचा इतिहास तपासण्याचा प्रयत्न केला आहे. समाजाने आश्रय कोणाला दिला, कोठे दिला आणि कोणत्या अटींवर दिला, हे तीन प्रश्न त्यासाठी मध्यवर्ती मानले आहेत. नाशिक हे क्षेत्र प्रमुख असून आवश्यक तेथे पुणे, पंढरपूर व मुंबई येथील दाखले घेतले आहेत.

धर्मशाळा : परतून जाणारा पाहुणा

नाशिक हे गोदावरीतीरावरील प्राचीन तीर्थक्षेत्र. परक्या माणसाला रात्रीपुरता आसरा देणे ही या गावाची जुनी सवय आहे. पेशवाईच्या काळात येथे मंदिरे व घाट यांची मोठी बांधकामे झाली. अहिल्याबाई होळकरांसारख्या दात्यांनी देशभरच्या तीर्थस्थानी घाट, धर्मशाळा व अन्नछत्रे यांना आश्रय दिला. पंचवटी व रामकुंडाच्या परिसरात क्षेत्रोपाध्यायांचे वाडे, मंदिरांच्या ओवऱ्या आणि धर्मशाळा यांत यात्रेकरूंची सोय होत असे. दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थात तर गावाच्या लोकसंख्येच्या कित्येक पट माणसे येथे उतरत.

या परक्यांच्या शेजाराबद्दल गावाची मोठी तक्रार आढळत नाही. त्याची तीन कारणे संभवतात. यात्रेकरू काही दिवसांनी परत जाणारा होता. त्याच्या येण्याने गावात पैसा येत होता, कारण उपाध्ये, दुकानदार, नावाडी, गाडीवान अशा अनेकांची उपजीविका त्याच्यावर चाले. तिसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. कोणाला कोठे उतरू द्यावयाचे हे जातीने ठरत असे. क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचे कुळ, गाव व जात यांची नोंद असे आणि अनेक धर्मशाळा विशिष्ट ज्ञातींनी आपल्या ज्ञातिबांधवांसाठीच बांधलेल्या होत्या. म्हणजे धर्मशाळेत येणारा माणूस परका असला तरी अनोळखी नसे. ज्याची ओळख समाजाला मान्य नव्हती, त्याला या औदार्यात स्थान नव्हते.

दिनांक ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. सरकारी किंवा सार्वजनिक निधीतून बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गास खुले असावेत असे या ठरावाने सांगितले. महाडच्या चवदार तळ्याच्या संदर्भात या ठरावाची चर्चा नेहमी होते, परंतु त्यात धर्मशाळेचा स्पष्ट उल्लेख आहे याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. रात्रीचा आसरा हा पाण्याइतकाच मूलभूत हक्क आहे, ही जाणीव त्यामागे दिसते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली नाशिकात काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढील काही वर्षे चालला. त्यात प्रश्न देवदर्शनाचा होता. पण तीर्थक्षेत्राच्या सार्वजनिक जागेत कोणाला पाऊल ठेवता येते हा प्रश्नही त्याच्याशी निगडित होता. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने धर्मशाळा, सराई व मुसाफिरखान्यात प्रवेश नाकारणे, तसेच कोणत्याही वस्तीत घर घेण्यास किंवा राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून अडथळा करणे, हे दंडनीय ठरविले. शेजाराचा प्रश्न त्यामुळे कायद्याच्या कक्षेत आला.

शरणपूर : वेशीबाहेरचे आश्रयस्थान

चर्च मिशनरी सोसायटीने १८३२ मध्ये नाशिकात काम सुरू केले. १८५० च्या दशकाच्या मध्यास रेव्हरंड डब्ल्यू. एस. प्राइस यांच्या पुढाकाराने गावाच्या पश्चिमेस, वस्तीपासून अंतर राखून, शरणपूर वसले. धर्मांतरामुळे घर व जात तुटलेली कुटुंबे, अनाथ मुले आणि आफ्रिकी गुलामगिरीतून सुटलेली मुले-मुली असे तेथील रहिवाशांचे स्वरूप होते.

यांपैकी शेवटच्या गटाचा इतिहास विशेष लक्षणीय आहे. हिंदी महासागरात अरबी गलबतांवरून गुलामांची ने-आण चाले. ब्रिटिश आरमाराने अशी गलबते पकडल्यावर सुटका झालेली मुले मुंबईत उतरविली जात आणि तेथून त्यांची रवानगी मिशनांकडे किंवा खासगी घरांकडे होई. यांतील काही मुले शरणपुरात आली. त्यांना लेखन-वाचनाबरोबर सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हस्तव्यवसाय शिकविले जात. यातूनच 'नाशिक बॉईज' या नावाने प्रसिद्ध असलेला गट तयार झाला. १८६६ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या आफ्रिका-प्रवासात या गटातील काही तरुण सामील झाले. १८७२ मध्ये आणखी काही तरुण त्यांच्या मदतीस गेले, त्यांत जेकब वेनराइट होता. लिव्हिंग्स्टन यांचा १८७३ मध्ये मृत्यू झाल्यावर वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना म्हटली व झाडावर त्यांच्या स्मृतीचा लेख कोरला. सहकाऱ्यांनी ते शव कित्येक महिन्यांची वाट तुडवून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेतील अंत्यसंस्कारात शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत वेनराइट होता. शरणपुरात शिकलेला, मूळचा गुलाम म्हणून पकडलेला हा तरुण होता.

१८७३ मध्ये झांजीबारचा गुलामबाजार बंद झाला. त्या वाटाघाटींत मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचा सहभाग होता. त्यानंतर प्राइस यांनी मोंबासाजवळ मुक्त गुलामांची नवी वसाहत उभारली. फ्रिअर यांच्या नावावरून तिला फ्रिअरटाउन म्हणतात. हिंदुस्थानातून तेथे गेलेल्या सुमारे दीडशे आफ्रिकी लोकांना 'बॉम्बे आफ्रिकन' असे नाव पडले. विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर यांच्यासारख्यांनी तेथील शाळा व चर्च यांच्या उभारणीत महत्त्वाचे काम केले.

शरणपूरच्या प्रयोगाला मर्यादा होत्या. तेथील आश्रय धर्मोपदेशाशी बांधलेला होता आणि या मुलांच्या भवितव्याचे निर्णय इतरच घेत होते. या मर्यादा मान्य करूनही स्थानाचा मुद्दा उरतो. आफ्रिकी मुलांना या मुलखात नातेवाईक नव्हते, जात नव्हती, भाषाही नव्हती. धर्मांतरितांना पूर्वीच्या गल्लीत व पाणवठ्यावर राहणे अशक्यप्राय होते. अशा माणसांना वेगळे गाव देणे मिशनलाही सोयीचे होते आणि नगरालाही. दोघांच्या सोयीतून ठरलेली जागा म्हणजे वेशीबाहेरची जागा.

पुणे व मुंबई येथील दाखले

हाच क्रम अन्यत्रही आढळतो. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह आपल्या राहत्या घरी सुरू केले. निराधार विधवांना वस्तीच्या आत आसरा देणारा हा प्रयत्न अपवादात्मक होता. आश्रयदात्याने शेजारी दुसऱ्यावर सोपविला नाही, स्वतःच्या उंबरठ्याच्या आत घेतला, हे त्याचे वैशिष्ट्य. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झाले, १८९० मध्ये पुण्यात आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून वाद पेटला व अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. रमाबाईंचे पुढील कार्य केडगाव येथे, शहरापासून दूर, विस्तारले. धोंडो केशव कर्वे यांच्या अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना १८९६ मध्ये झाली. प्लेगची साथ आणि शहरातील प्रतिकूल वातावरण यांच्या पार्श्वभूमीवर १९०० मध्ये आश्रम हिंगणे येथील माळावर गेला. तेथे जाण्यास त्या काळी नीट रस्ताही नव्हता.

मुंबईत १८९० मध्ये बेघर कुष्ठरुग्णांसाठी माटुंगा-वडाळा परिसरात आश्रयगृह उघडले. तत्कालीन महापालिका आयुक्त एच. ए. ॲकवर्थ यांचे नाव पुढे त्यास मिळाले. रस्त्यावर दिसणाऱ्या रुग्णांविषयी नागरिकांत असलेले भय आणि त्या रुग्णांविषयीची करुणा, अशा दोन्ही प्रेरणा या संस्थेमागे होत्या. जागा निवडली ती दाट वस्तीपासून दूरची.

आजच्या नकाशावर ही ठिकाणे पाहिली असता एक बाब स्पष्ट होते. हिंगण्याचा माळ आज पुण्याच्या कर्वेनगरात आहे. वडाळा मुंबईच्या मध्यभागी आहे. शरणपूर नाशिकच्या हृदयस्थानी आहे. म्हणजे निराश्रितांना दूर ठेवल्याने शेजाराचा प्रश्न सुटला नाही. तो दोन-तीन पिढ्या पुढे ढकलला गेला. शहर वाढत जाते आणि शेवटी आश्रयस्थानाच्या दारापर्यंत येऊन पोहोचते.

कायद्याची दृष्टी : आश्रयार्थी की संशयित

बेघर माणसाविषयीच्या भयाला कायद्यानेही खतपाणी घातले. इंग्लंडमधील १८२४ च्या भटकेगिरीविषयक कायद्याने निराधार भटकणे हाच अपराध मानला. हिंदुस्थानात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. फिरस्त्या माणसाकडे पाहण्याची गावाची नजर त्यामुळे बदलली. पूर्वी चावडीत किंवा देवळाच्या ओवरीत रात्र काढणारा फिरस्ता पोलीस पाटलाच्या नोंदीचा विषय झाला. स्वातंत्र्यानंतर तो कायदा रद्द झाला, परंतु नजर तशीच राहिली.

१९४५ च्या मुंबई भिकारी कायद्याच्या जागी १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम आला. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी अशा अवस्थेत फिरणे वा राहणे की ती व्यक्ती भीक मागून जगत असावी असे वाटावे, याचाही समावेश त्याने भीक मागण्याच्या व्याख्येत केला. अशा व्यक्तीस पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत ठेवण्याची तरतूद आहे. या व्याख्येत कृतीपेक्षा अवस्थेला महत्त्व आहे. दिल्लीस लागू केलेल्या याच अधिनियमातील अनेक तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरविल्या. तत्पूर्वी १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील पदपथवासीयांच्या संदर्भात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले, मात्र रीतसर सूचना देऊन पदपथ मोकळे करण्याचा प्रशासनाचा अधिकारही अबाधित ठेवला. माणूस पदपथावर का झोपतो हे समजले, तो कोठे झोपावा हे अनुत्तरित राहिले.

गाडगेबाबांची धर्मशाळा : शंकेला दिलेले उत्तर

या पार्श्वभूमीवर संत गाडगे महाराज (१८७६-१९५६) यांचे कार्य वेगळे उठून दिसते. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा तीर्थस्थानी त्यांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभारल्या. नाशिकात गोदाकाठच्या पुलाला त्यांचे नाव आहे. पंढरपुरातील चोखामेळा धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांसाठी होती. १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयातील रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही त्यांनी निवाऱ्याची सोय केली. तीर्थयात्रा हे निमित्त मागे पडून निव्वळ गरज हे आश्रयाचे कारण ठरले, हा बदल ऐतिहासिकदृष्ट्या महत्त्वाचा आहे.

शेजाऱ्यांच्या शंकांकडे पाहण्याची गाडगेबाबांची रीतही अभ्यसनीय आहे. खराटा ही त्यांची ओळख होती. एखाद्या गावी गेल्यावर प्रथम गाव झाडणे व मग कीर्तनास उभे राहणे असा त्यांचा क्रम असे. गरिबांचे ठिकाण म्हणजे घाणीचे ठिकाण, हा आक्षेप त्यांनी वादाने खोडला नाही. व्यवस्थापनाने निराधार ठरविला. स्वतः मालकी न ठेवता विश्वस्त नेमून संस्था चालविण्याची पद्धत त्यांनी अवलंबिली. १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली.

२०१० नंतरचे निवारा केंद्र

अन्नाच्या हक्काविषयी २००१ मध्ये दाखल झालेल्या याचिकेच्या ओघात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा उभारण्याचे निर्देश दिले. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवारा हा स्वतंत्र घटक आला. चोवीस तास व बारमाही चालणारे केंद्र, प्रत्येक व्यक्तीस किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, स्वच्छतागृह, व्यवस्थापन समिती अशी त्याची मानके होती. अंमलबजावणीतील त्रुटींची दखल घेऊन न्यायालयाने २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

२०११ च्या जनगणनेत देशात १७.७३ लाख बेघर व्यक्तींची नोंद झाली, पैकी ९.३८ लाख शहरांत होत्या. त्याच जनगणनेनुसार नाशिक शहराची लोकसंख्या १४,८६,०५३ होती. लाखामागे एक या मानकाने पाहता येथे १४ ते १५ केंद्रे अपेक्षित ठरतात. १९८२ मध्ये नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका आणि आसपासची खेडी मिळून महानगरपालिका झाली, त्यामुळे ही केंद्रे एकाच कोपऱ्यात असून चालणार नाहीत. बेघर माणूस बसस्थानक, रेल्वे स्थानक, रुग्णालय, घाऊक बाजार, मजूर नाका व घाट यांच्या जवळ राहतो, कारण त्याचे काम तेथे असते. अभियानाच्या मार्गदर्शक तत्त्वांतही अशाच ठिकाणांजवळ निवारा असावा असे म्हटले होते. गावाबाहेर बांधलेले केंद्र रिकामे राहते आणि पदपथ भरलेला राहतो. म्हणून शेजाराचा प्रश्न टाळणे या योजनेत तत्त्वतःच शक्य नाही.

हरकतींचा विचार

रहिवाशांच्या सर्वच हरकती पूर्वग्रहजन्य मानणे इतिहासास धरून होणार नाही. दाटीवाटीची, अस्वच्छ व बेवारस आश्रयस्थाने रोगराईस कारण होतात, हा अनुभव प्लेगच्या काळाने दिला आहे. सांडपाणी, रात्रीचा पहारा, दिवे, व्यसनाधीन व मनोरुग्ण व्यक्तींची वेगळी काळजी या मागण्या रास्त आहेत. त्या निवाऱ्यात राहणाऱ्यांच्याही हिताच्या आहेत. मात्र "ही माणसेच नकोत" या हरकतीची जात निराळी आहे. तिचे मूळ धर्मशाळेच्या ज्ञातिनिर्बंधात आणि भटकेगिरीच्या कायद्यात शोधावे लागते. पहिल्या प्रकारच्या हरकतीला उत्तर आराखड्यात देता येते. दुसऱ्या प्रकारच्या हरकतीसाठी आराखडा बदलला, जागा बदलली, तरी ती पुढच्या वसाहतीत तशीच उभी राहते.

आणखी एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. सिंहस्थात तपोवनात शेकडो एकरांवर साधुग्राम उभे राहते. पाणी, शौचालये, वीज, दवाखाने, पोलीस चौक्या यांची व्यवस्था लाखो लोकांसाठी होते. २००३ व २०१५ च्या सिंहस्थात शहराने हे केले. परक्यांना सामावून घेण्याची क्षमता नाशिककडे आहे, हे त्यावरून सिद्ध होते. काही महिन्यांसाठी लाखोंना जागा देणाऱ्या शहराला वर्षभरासाठी काही शेकड्यांना जागा देणे जड वाटते, तेव्हा अडचण जागेची असते असे म्हणता येत नाही. यात्रेकरूला ओळख असते. बेघराला ती नाकारलेली असते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, आश्रयाला विरोध नसून आश्रयाच्या जागेला विरोध असणे ही प्रवृत्ती जुनी आहे आणि तिने आश्रयस्थाने वारंवार वेशीबाहेर ढकलली. दुसरी, वेस स्थिर राहत नाही. शरणपूर, हिंगणे व वडाळा ही त्याची साक्ष आहे. तिसरी, शेजाऱ्यांचे भय कमी झाले ते अंतराने नव्हे, तर स्वच्छता, जबाबदार व्यवस्थापन व परिचय यांमुळे. गाडगेबाबांच्या धर्मशाळा हे त्याचे उदाहरण आहे. चौथी, १९२३ च्या ठरावापासून २०१० च्या निर्देशांपर्यंत रात्रीचा आसरा दयेच्या कक्षेतून हक्काच्या कक्षेत येत गेला आहे. त्यामुळे रहिवाशांशी विचारविनिमय निवारा कसा असावा याविषयी झाला पाहिजे. तो असावा की नाही याविषयी नव्हे.

जेकब वेनराइट नाशिकला आला तेव्हा तोही कोणाचा कोण हे सांगता न येणारा मुलगा होता. त्याला जागा मिळाली ती गावापासून दूर. ते गाव आज त्याच जागेभोवती वसले आहे आणि तिचे नाव रोज उच्चारते. शरणपूर रोडवरील कचेरीत निवाऱ्याची नस्ती उघडली जाईल तेव्हा त्या नावाचा अर्थ ध्यानी असणे उपयुक्त ठरेल.